रिकाम्या ओळीचा नियम

न्याय म्हणजे काय, या प्रश्नावर दोन स्नेही रात्रभर वाद घालतात आणि सकाळी एकाच किटलीतला चहा पितात. परंतु आमटीत गूळ घालावा की न घालावा यावरून सख्ख्या जावांचे बोलणे बंद झाल्याची उदाहरणे प्रत्येक कुटुंबात सापडतील. मोठ्या प्रश्नांत मतभेद असणे आपण गृहीतच धरतो, म्हणून तेथे सहिष्णुता शिकतो. लहान प्रश्नांत मात्र आपलीच रीत स्वाभाविक आणि दुसऱ्याची विक्षिप्त, असे आपणांस मनापासून वाटत असते. यासाठी एखाद्या समाजाची नीती पारखावयाची असेल तर त्याने क्षुल्लक गोष्टींचे नियम कसे केले आहेत, ते कोणाकडून पाळवून घेतले आहेत आणि ते मोडणारास काय म्हटले आहे, हे पाहावे असे आमचे मत आहे. या लेखात आम्ही अशाच एका अतिक्षुल्लक नियमाचा विचार करणार आहो. तो नियम संगणकाच्या आज्ञावलीतील एका रिकाम्या ओळीविषयीचा आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज कोणी ना कोणी आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय करीत असेल. तथापि त्या व्यवसायाचे अंतरंग सर्वांस परिचित असेल असे नाही. आज्ञावली म्हणजे संगणकास द्यावयाच्या सूचनांचा लेख. असा लेख आजकाल कोणीही आरंभापासून अखेरपर्यंत एकट्याने लिहीत नाही. तारखांचे गणित कोणी एकाने पूर्वीच करून ठेविलेले असते, चित्रे काढण्याची साधने दुसऱ्याने, पत्रे धाडण्याची तिसऱ्याने. लेखक आपल्या लेखाच्या माथ्यावर 'अमुक संग्रहातून तमुक साधन येथे आणिले आहे' अशा अर्थाच्या ओळी लिहितो आणि मग स्वतःचे काम आरंभितो. या माथ्यावरील ओळींस 'इंपोर्ट' म्हणजे आयातीची विधाने म्हणतात. आता प्रश्न असा की, आयातीची शेवटची ओळ आणि स्वतःच्या कामाची पहिली ओळ यांच्या मध्ये जागा सोडावी की नाही? सोडल्यास एक ओळ सोडावी की दोन? आयातीच्या ओळींचे गट पाडावेत काय, आणि गटागटांत अंतर असावे काय? बहुतेक भाषांत यंत्रास याचे काहीच सोयरसुतक नसते. जागा सोडली काय, न सोडली काय, आज्ञावली तितकीच चालते.

असे असूनही या जागेविषयी नियम आहेत, ते लेखी आहेत, आणि ते पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी स्वतंत्र पहारेकरी नेमलेले आहेत. पायथॉन या भाषेची लेखनपद्धती सांगणारे 'पेप ८' नावाचे टिपण २००१ साली गिडो व्हान रॉसम व बॅरी वॉर्सा यांनी लिहिले. त्यात आयाती फाइलीच्या आरंभी असाव्यात, त्यांचे तीन गट करावेत - भाषेच्या मूळ संग्रहातील, परक्यांच्या संग्रहांतील आणि घरच्या - व प्रत्येक दोन गटांत एक ओळ रिकामी ठेवावी, असे सांगितले आहे. जावास्क्रिप्ट या भाषेत 'ईएसलिंट' नावाचा तपासनीस आहे. तो निकोलस झाकस यांनी २०१३ साली तयार केला. त्याला जोडता येणाऱ्या एका पुरवणीत शेवटच्या आयातीनंतर निदान एक ओळ मोकळी असलीच पाहिजे, असा स्वतंत्र नियम आहे. अशा तपासनिसांस सामान्यतः 'लिंटर' म्हणतात. हे नाव बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांच्या 'लिंट' या आज्ञावलीवरून पडले. तिचे वर्णन त्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केले. लिंट म्हणजे कपड्यास चिकटणारे बारीक तंतू. कपडा फाटलेला नसतो, मळलेलाही नसतो. पण झटकल्यावाचून तो अंगात घालून चारचौघांत जाणे बरे दिसत नाही. नाव ठेवणाराने या नावात अर्धा विनोद आणि अर्धे तत्त्वज्ञान भरले आहे.

ज्यांस हा सारा प्रकार पोरखेळ वाटेल, त्यांस आम्ही ठाकूरद्वारास नेऊ इच्छितो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कित्येक मराठी व संस्कृत पुस्तकांच्या पहिल्या पानामागे 'कर्नाटक प्रेस, ठाकूरद्वार, मुंबई' असा पत्ता छापलेला आढळतो. तेथून थोड्याच अंतरावर कोलभाट गल्लीत जावजी दादाजींनी १८६९ साली स्थापिलेला निर्णयसागर छापखाना होता, आणि पुढे खटाववाडीत मौज छापखाना व प्रकाशनगृह उभे राहिले. गिरगावच्या या टापूत अक्षरे जुळविणारांच्या पिढ्या नांदल्या. त्यांच्या दृष्टीने रिकामी जागा ही 'काही नसणे' नव्हती. हाताने खिळे जुळविण्याच्या काळात दोन शब्दांमधील अंतर म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचा एक तुकडा असे. तो अक्षराच्या खिळ्याहून बुटका असल्यामुळे त्यास शाई लागत नसे, इतकेच. दोन ओळींमधील अंतर म्हणजे धातूची पट्टी. पानावर जे पांढरे दिसते ते सर्व कोणी तरी हाताने उचलून, मापून, बसविलेले असे, आणि ते नीट बसले नाही तर साऱ्या पानाचे खिळे ढिले होऊन कोसळत. देवनागरीत तर काम अधिकच नाजूक. मात्रा, वेलांट्या व रफार वर, उकार खाली, अशा थरांनी जेथे ओळ जुळवीत, तेथे ज्या अक्षरास वर किंवा खाली काही नसेल त्याच्या वरची वा खालची पोकळीही भरावी लागे. जुळाऱ्याच्या पेटीत मौनाचीही वजनदार नाणी असत, असे म्हटले तरी चालेल.

शिवाय ही जागा आपल्या भाषेत अनादिकालापासून नव्हती. जुन्या पोथ्यांत शब्द एकमेकांस खेटून लिहीत. मोडीत तर आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढीत आणि मग त्या रेघेस अक्षरे लटकवीत जात. शब्द कोठे संपला हे वाचणाराने आपल्या बुद्धीने ओळखावयाचे. कारकुनास त्याचा सराव होता, म्हणून काम भागे. मुद्रणाबरोबर वाचक वाढला, अपरिचित झाला, आणि त्याच्यासाठी शब्द सुटे करणे भाग पडले. विरामचिन्हांचीही तीच कथा. मेजर कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे छोटे पुस्तक लिहिले. आज आपण स्वल्पविराम व पूर्णविराम आपल्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेले म्हणून वापरतो. ज्याला वाचक ओळखीचा आहे तो जागा सोडण्याची तसदी घेत नाही. ज्याला अनोळखी वाचकाची काळजी आहे तोच जागा सोडतो. 'कामाला जाताना' आणि 'कामाला जाता ना' यांत एका अंतराचाच भेद आहे. पण पहिल्याने वाक्य पुढे चालू राहते आणि दुसऱ्याने समोरच्यास प्रश्न विचारला जातो.

तेव्हा जागा सोडण्यास काही अर्थ आहे, हे मान्य होईल. परंतु ती सर्वांनी सारखीच सोडावी, असा आग्रह का? एकाने एक ओळ सोडली, दुसऱ्याने दोन सोडल्या, तर काय बिघडले?

या प्रश्नाचे उत्तर सामुदायिक कामाच्या स्वरूपात आहे. आज्ञावली पुस्तकासारखी एकदा छापून संपत नाही. ती वर्षानुवर्षे अनेक हातांनी बदलत असते. कोणी कोणती ओळ केव्हा बदलली याची वही ठेवलेली असते आणि नवा बदल स्वीकारण्यापूर्वी दुसरा सहकारी त्या वहीतील फरक ओळीओळीने तपासतो. आता अशी कल्पना करा की, प्रत्येक जण फाइल उघडताच प्रथम आपल्या आवडीप्रमाणे मोकळ्या ओळी घालतो किंवा काढतो. वहीत चाळीस फरक दिसतील. त्यांतील एकोणचाळीस केवळ आवडीनिवडीचे असतील आणि एक खरा असेल. तपासणाराचे डोळे एकोणचाळिसांत थकतील व चाळिसावा निसटेल. छापखान्यातील मुद्रितशोधकांस हे नव्याने सांगावयास नको. ज्या मुद्रिताचा समास अंतराच्या खुणांनी भरून जातो, त्यातच चुकीचा शब्द बिनबोभाट पुढे जातो. लक्ष हे मनुष्याचे मर्यादित धन आहे. क्षुल्लकात एकसारखेपणा राखावयाचा तो क्षुल्लकास मोठे मानून नव्हे; उलट, त्यावर लक्ष खर्च होऊ नये म्हणून.

याला दुसरी बाजूही आहे. नीट आखलेली जागा वाचकास विश्वास देते, आणि म्हणूनच ती फसवूही शकते. २०१४ सालच्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीच्या उपकरणांतील एक गंभीर दोष उघडकीस आला. सुरक्षित संभाषणापूर्वी समोरच्याची ओळख पटविणाऱ्या आज्ञावलीत एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ समासापासून अशा अंतरावर होती की, ती वरच्या अटीखालीच आहे असे डोळ्यांस वाटावे. वस्तुतः ती अटीच्या बाहेर होती. तिच्यामुळे पुढील तपासणी कधी होतच नसे. यंत्राने अर्थ वाचला, माणसांनी अंतर वाचले, आणि दोघांचे वाचन जुळले नाही. अंतर हीही एक भाषा आहे आणि तिच्यातही असत्य बोलता येते, हे यावरून दिसते. जो पहारेकरी अंतर आणि अर्थ यांचा मेळ पाहतो तो निव्वळ टापटिपीचा शिपाई नव्हे.

इतके झाल्यावरही मूळ नैतिक प्रश्न राहतोच. हा नियम मोडणे हा अपराध आहे काय? याविषयी आपल्या मीमांसकांनी केलेला एक भेद फार उपयोगी पडतो. त्यांनी विधींचे जे प्रकार सांगितले त्यांत 'नियमविधी' हा एक आहे. त्याचे ठरलेले उदाहरण भात कांडण्याचे. यज्ञासाठी तांदूळ हवा. साळीचे टरफल निघाले पाहिजे. ते मुसळाने कांडून निघेल, नखांनी सोलूनही निघेल. दोन्ही मार्गांनी तांदूळ तोच मिळतो. शास्त्र म्हणते, कांडूनच काढ. अनेक सारख्याच समर्थ मार्गांपैकी एक निश्चित करणे, हे नियमविधीचे काम. जे अन्यथा ठाऊकच झाले नसते ते सांगणारा अपूर्वविधी वेगळा. चोरी करू नये, हा निषेध तर या दोहोंहूनही निराळा.

रिकाम्या ओळीचा नियम हा या काटेकोर अर्थाने नियमविधी आहे. एक ओळ सोडणे दोन ओळी सोडण्याहून स्वभावतः श्रेष्ठ नाही. नखांनी सोललेला तांदूळ हा तांदूळच असतो. मीमांसकांस या ठिकाणी एक अडचण आली होती: दोन्ही मार्गांचे दृश्य फळ एकच, तर मग नियमाचे फळ काय? त्यांनी ते अदृष्टात शोधले. नियम पाळल्याने एक अदृश्य पुण्य उत्पन्न होते असे मानिले. आम्हांस तितके दूर जाण्याचे कारण नाही. येथे नियमाचे फळ दृष्टच आहे, फक्त ते नियम पाळणाराच्या पदरात पडत नाही. ते पुढे येणाऱ्या वाचकाच्या पदरात पडते. लिहिणाराची किंचित गैरसोय आणि वाचणाराची पुष्कळ सोय, असा हा व्यवहार आहे. गिरगावच्या चाळींत सामायिक गॅलरी मोकळी ठेवावयाची, तीत ट्रंक किंवा पाण्याचे पिंप आडवे ठेवावयाचे नाही, हा नियमही याच जातीचा. ज्याच्या दारासमोर गॅलरी आहे त्याला ती मोकळी असल्याचा लाभ फारसा नाही. तिसऱ्या खोलीतील आजारी माणसाला खाली न्यावयाचे असेल तेव्हा तो लाभ कळतो.

आता या भेदापासून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो, आणि आमच्या मते तोच या विषयाचा गाभा आहे. नियमविधी मोडणारा चुकला असेल, परंतु तो पापी नव्हे, अज्ञानी नव्हे आणि अशुद्धही नव्हे. नियमविधीस नीतीच्या सिंहासनावर बसविले की अनर्थ सुरू होतो. याची साक्ष आपल्याच भाषेच्या इतिहासात आहे. ऱ्हस्वदीर्घाचे व अनुस्वारांचे नियम हे बव्हंशी संकेत आहेत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम निश्चित केले, १९७२ साली त्यांत चार वाढविले, आणि तोवर शाळांत छडीच्या धाकाने शिकविलेले कित्येक अनुच्चारित अनुस्वार एका ठरावासरशी अनावश्यक ठरले. काल जे न लिहिणारा अडाणी ठरत होता, आज तेच लिहिणारा जुनाट ठरू लागला. नियम बदलला यात दोष नाही. संकेत बदलतच असतात. दोष होता तो त्या नियमांस 'शुद्धलेखन' म्हणण्यात आणि ते न साधलेल्या मुलास अशुद्ध मानण्यात. ज्याच्या घरी पुस्तके नव्हती, ज्याच्या आईची बोली निराळी होती, त्याच्या वहीवरील तांबड्या शाईने त्याला केवळ लेखन शिकविले नाही. तू आमच्यातला नाहीस, हेही शिकविले. हल्ली अनेक अभ्यासक 'प्रमाणलेखन' हा शब्द पसंत करितात. त्या शब्दबदलात एक नैतिक सुधारणा आहे. माप हे सोयीसाठी असते, सोवळ्यासाठी नव्हे.

आज्ञावलीच्या जगातही हीच छडी उगारली जाण्याचा धोका असतो. एखादी तरुणी नव्या नोकरीत आपले पहिले काम तपासणीस देते. तिने रात्री जागून एक अवघड दोष शोधलेला असतो. तपासणारा ज्येष्ठ सहकारी त्या शोधाविषयी अवाक्षर काढीत नाही. 'आयातीनंतर ओळ सोडलेली नाही' असा शेरा मारून काम परत धाडतो. शेरा खोटा नाही. परंतु त्या शेऱ्यात ज्येष्ठाचा कनिष्ठावरील अधिकार, जाणत्याचा नवख्यावरील वरचष्मा, आणि कदाचित दिवसभराचा कंटाळाही मिसळलेला असतो. तोच दोष एखाद्या बड्या सहकाऱ्याच्या कामात दिसला असता तर शेरा आला असता काय? क्षुल्लक नियम माणसाच्या हाती सोपविला की त्याची अंमलबजावणी माणूस पाहून होऊ लागते. मोठ्या गुन्ह्यांत पक्षपात केला तर बोभाटा होतो. लहान नियमांतील पक्षपात मात्र 'शिस्त' या नावाखाली सुखाने राहतो.

याच कारणाने हा पहारा यंत्राकडे देणे आम्हांस केवळ सोयीचे नव्हे, तर अधिक न्याय्य वाटते. यंत्रास समोरचा कोण हे ठाऊक नसते. संस्थापकाची आज्ञावली आणि उमेदवाराची आज्ञावली त्याला सारखीच. ते टोमणा मारीत नाही, मागचे उकरून काढीत नाही, चारचौघांत बोलत नाही. काम दुसऱ्याच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच लेखकाच्या कानात सांगते, आणि बहुधा सांगण्यापेक्षा स्वतःच ती ओळ घालून मोकळे होते. गूगलमध्ये निर्माण होऊन २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'गो' या भाषेने तर मांडणीचे साधन भाषेबरोबरच दिले. त्या साधनाची मांडणी प्रत्येकाच्या आवडीची नाही. तथापि ते साधन सर्वांस हवेसे झाले, कारण आवडीनिवडीची भांडणे त्यामुळे मिटली. माणसाने माणसास सांगावे असे पुष्कळ असते: हा मार्ग चुकीचा आहे, हे नाव फसवे आहे, येथे दुबळ्या वापरणाराचा विचार झालेला नाही. रिकाम्या ओळीचे काम यंत्राने उचलले की माणसाच्या तोंडी हे बोलणे उरते, आणि त्यालाच तपासणी म्हणावे.

तरीही यंत्रास सर्वाधिकारी करावे असा याचा अर्थ नाही. त्याच्या अधिकारास तीन मर्यादा असाव्यात असे आम्हांस वाटते.

पहिली मर्यादा अर्थाची. जागा घालणे आणि वस्तू हलविणे यांत अंतर आहे. काही साधने केवळ ओळी सोडीत नाहीत, आयातींचा क्रमही लावतात. परंतु पायथॉनसारख्या भाषेत एखादा संग्रह आणताक्षणी तो काही काम करून मोकळा होतो, आणि म्हणून कोण आधी यावा याला कधीकधी अर्थ असतो. पंगतीत पाने मांडताना अंतर सारखे करणे निराळे, आणि कोणी कोठे बसावे ते बदलणे निराळे. जेथे नियमाने अर्थ बदलू शकतो तेथे तो नियमविधी राहत नाही, आणि यंत्राने तेथे हात आखडता घ्यावा.

दुसरी मर्यादा अपवादाची. या साधनांत एखाद्या ओळीपुरता नियम बाजूस ठेवण्याची सोय असते. लेखकाने तशी खूण करावयाची असते. ही खूण नुसती करू नये. तिच्याशेजारी कारणही लिहावे. कारण सांगून केलेला अपवाद नियमाचा मान राखतो. न सांगता केलेला अपवाद नियमास पोखरतो. 'पेप ८' मध्येच एक उपशीर्षक आहे, ते इमर्सन यांच्या मूढ सातत्याविषयीच्या प्रसिद्ध वचनावरून घेतलेले. आणि त्याखाली नियम केव्हा बाजूस ठेवावा हेही सांगितले आहे. आपल्या पहिल्याच पानांवर आपल्या मर्यादा सांगणारे नियमपुस्तक आदरास पात्र होय.

तिसरी मर्यादा स्मृतीची. ज्या नियमाचे कारण सांगता येते तो नियम. ज्याचे कारण विसरले गेले पण शिक्षा राहिली ती रूढी. आगरकरांनी आयुष्यभर ज्या गोष्टीशी झुंज दिली ती हीच. यंत्राकडे नियम सोपविल्यावर विसरण्याचा धोका वाढतो, कारण पाळण्यासाठी आठवण ठेवावीच लागत नाही. म्हणून नियमांची यादी वेळोवेळी पुन्हा वाचावी आणि ज्याचे कारण कोणासच सांगता येत नाही तो काढून टाकावा. ईएसलिंटच्या चालकांनी २०२३ साली केवळ मांडणीविषयीचे आपले जुने नियम निवृत्तीच्या मार्गास लावले व ते काम अन्य साधनांनी करावे असे सुचविले. दोष शोधणे आणि टापटीप राखणे ही दोन कामे निराळी आहेत, हे त्यावरून अधिक स्पष्ट झाले. 'दोष' हा शब्द खऱ्या दोषासाठी राखून ठेवणे हीसुद्धा एक सत्यनिष्ठाच आहे.

एक आक्षेप उरतो. प्रत्येकाची ओळ सारखी, प्रत्येकाचे अंतर सारखे. मग लिहिणाराचे व्यक्तित्व कोठे राहिले? हा आक्षेप सहृदय आहे, परंतु व्यक्तित्वाचे ठिकाण तो चुकीचे सांगतो. आपल्या संतांनी ओवीचा किंवा अभंगाचा साचा प्रत्येकाने निराळा केला नाही. एकाच साच्यातून ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई आणि तुकाराम इतके वेगळे बोलले की, दोन चरणांत कोण बोलत आहे हे कळावे. ज्याला सांगण्यासारखे काही आहे त्याचे व्यक्तित्व समासाच्या रुंदीवर अवलंबून नसते; आणि ज्याचे व्यक्तित्व समासाच्या रुंदीतच आहे, त्याच्यापाशी सांगण्यासारखे काय आहे याची शंका येते. आज्ञावलीकाराची प्रतिभा त्याने प्रश्न कसा समजून घेतला, कोणते नाव निवडले, कोणते अवघड काम सोपे करून दाखविले, यांत दिसते. ती दिसण्यासाठीच आजूबाजूचे सर्व शांत असावे.

शेवटी, नियमाची ही ओळ नेमकी कोठे मोकळी ठेवावयाची आहे, याकडे लक्ष द्यावे. ती आयाती आणि स्वतःचे काम यांच्या मध्ये आहे. आयातीच्या ओळींत ज्यांची साधने येतात त्यांतील बहुतेकांस लेखकाने कधी पाहिलेले नसते. त्यांनी आपले काम पुष्कळदा मोबदल्यावाचून जगाच्या स्वाधीन केलेले असते. जुन्या ग्रंथकारांच्या मंगलाचरणात आणि ऋणनिर्देशात जे असे, तेच येथे कोरड्या व्यावहारिक भाषेत असते: हे माझे नव्हे, हे मी आणिले. त्यानंतर ओळ मोकळी राहते आणि मग 'हे मी केले' सुरू होते. घेतलेले आणि केलेले यांची सीमा वाचणारास पहिल्याच दृष्टिक्षेपात कळावी, यापेक्षा त्या ओळीचे दुसरे काम नाही. ती यंत्राने घातली म्हणून तिची किंमत कमी होत नाही. आणि एखाद्या नवख्याने ती घातली नाही म्हणून त्याची किंमतही कमी होत नाही. ज्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य असतात, तेथे नियम आणि माणुसकी यांचे भांडण नाही असे समजावे.